खिडकीतली पर्स काढल्यावर

बातमी आली तेव्हा मी हिंदमाताला एका कापडाच्या दुकानात उभी होते. पुढच्या कामासाठी मांजरपाट हवं होतं, अकरा मीटर. दुकानदार पाचव्या मीटरवर आला होता आणि फोन वाजला. इक्बालभाईंचा. ते आमच्या गाळ्यावरचे सुतार, आणि ते कधी फोन करत नाहीत, रेकॉर्ड केलेला निरोप पाठवतात. "नंदा मॅडम," ते म्हणाले, "मिलिंदभाई नहीं रहे. सुबह चाय पी रहे थे घर पे..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. हातातल्या यादीत चौथ्या ओळीवर मीच लिहिलेलं होतं : कापडाचा रंग, मिलिंदला विचारणे. दुकानदार कात्री उघडी धरून माझ्याकडे बघत होता. "कापू का ताई?" मी म्हटलं, "कापा." दुसरं काय म्हणणार होते? काम ठरलेलं होतं. कापड घेतलं, टॅक्सीत ठेवलं आणि लालबागला त्याच्या घरी गेले.

मिलिंद आणि मी बावीस वर्षं एकत्र काम केलं. आमचं काम काय, हे पटकन सांगता येत नाही. फोर्टात, काळा घोड्याला किंवा मोठ्या मॉलमध्ये परदेशी पर्सची, घड्याळांची, अत्तरांची दुकानं असतात. रस्त्याच्या बाजूने त्यांची मोठी काचेची खिडकी असते. त्या खिडकीत एखादंच घड्याळ ठेवलेलं असतं आणि त्याच्याभोवती काहीतरी उभं केलेलं असतं : कागदाचं जंगल, उलट्या टांगलेल्या छत्र्यांची रांग, गोठलेल्या मिठासारखा डोंगर. ते "काहीतरी" आम्ही बनवतो. मापं, सामान, गाड्या, परवानग्या, माणसं, तारखा ही माझी बाजू. आणि ते नेमकं काय दिसेल, कशाचं होईल, उभं कसं राहील, ही मिलिंदची.

मी त्याआधी एका जाहिरात कंपनीत कामांची वेळापत्रकं सांभाळायचे. मिलिंद हिंदमाताच्या साडीच्या दुकानांतल्या पुतळ्यांची तुटलेली बोटं बसवून द्यायचा. कंपनीच्या एका स्टँडसाठी मी पहिल्यांदा त्याच्या गाळ्यावर गेले तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात प्लास्टरची तीन बोटं होती, नेलपॉलिश लावलेली. मी माझी यादी काढली आणि एकेक मुद्दा विचारायला लागले. सहाव्या मुद्द्यावर तो म्हणाला, "बाई, तुमची यादी संपली की सांगा, मी तोवर काम करतो." मी चिडले. पण यादी संपली तेव्हा त्याने खरोखरच जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्हाला हव्या असलेल्या स्टँडचा पूर्ण मापाचा नमुना उभा केला होता आणि स्वतः गाळ्याबाहेर, रस्ता ओलांडून, पलीकडच्या पानवाल्याशेजारी जाऊन उभा राहिला होता. तिथून ओरडला, "सहा इंच खाली घ्या!" त्या दिवसापासून मी "नंदाबाई" झाले आणि आमची कामाची पद्धत ठरली. कुठलीही वस्तू त्याने कधी जवळून पास केली नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग रस्त्यापलीकडून नजर, मग काम. रस्त्यात बस उभी असेल तर बस जाईपर्यंत थांबायचा. ड्रायव्हरला हातही करायचा, जरा पुढे घे म्हणून.

त्याला एक गोष्ट शिकायला मात्र वेळ लागला. सुरुवातीच्या काळात एका घड्याळाच्या दुकानासाठी त्याने राखाडी कागदाचं घुबड केलं होतं. एकेक पीस वेगळं कापलेलं, डोळे असे की पलीकडच्या फुटपाथवर चालणारा माणूस थबकावा. थबकायचेच लोक. चौथ्या दिवशी एक बाई दुकानात शिरल्या आणि त्यांनी घुबडाची किंमत विचारली. घड्याळाकडे बघितलंही नाही. दुकानाच्या मॅनेजरचा मला असा फोन आला की मी दोन मिनिटं फक्त "हो सर" म्हणत होते. मला वाटलं, मिलिंद खूश होईल. तो झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ब्रश घेऊन गेला आणि घुबडाचे डोळे मिटवून आला. बस, एवढंच. मी रस्त्यापलीकडून पाहिलं, तर खरंच नजर घुबडाच्या चेहऱ्यावरून खाली घसरून घड्याळावर जात होती. "आता बरोबर झालं," तो म्हणाला. "आपण दिसलो म्हणजे आपलं चुकलं."

आमच्या धंद्याची दुसरी रीत बाहेरच्या माणसाला क्रूर वाटते. खिडकी सहा-आठ आठवडे असते. उतरवल्यावर आम्ही बनवलेली प्रत्येक वस्तू तोडायची. दुसऱ्या कुणाच्या खिडकीत ती दिसता कामा नये, म्हणून करारातच तसं असतं. तोडल्याचे फोटो पाठवायचे : अख्खी, अर्धी, तुकडे. मी एक रजिस्टर ठेवते, त्यात वस्तू, तारीख आणि "तोडले" असा शेवटचा रकाना. मिलिंद हे काम दुसऱ्या कुणालाही करू द्यायचा नाही. हातोडा घेऊन तर नाहीच. टेबलावर वस्तू ठेवून, ज्या क्रमाने जोडली त्याच्या उलट्या क्रमाने सोडवत जायचा, जसं आपण स्वेटर उसवतो. करारामुळे स्वतः फोटोही ठेवायचा नाही. बावीस वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणजे माझ्या रजिस्टरमधला तो रकाना.

या रकान्यात मी एकदा खोटं लिहिलं आहे. ते इथे सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका पर्सच्या कंपनीसाठी आम्ही कागदाच्या लगद्याचं हत्तीचं पिल्लू केलं होतं, कानावर त्या कंपनीची ठरलेली नक्षी. तेव्हा फोटो पाठवायची पद्धत नव्हती, रजिस्टरची प्रत पुरायची. मिलिंद शनिवारी तोडणार होता. मी शुक्रवारीच आठवड्याची कामं मिटवताना "तोडले" लिहून टाकलं, कारण मला सोमवारी रिकामं पान आवडतं. नेमके शनिवारी त्याच्या गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्ते आले. सजावटीत काहीतरी कमी पडत होतं. "मिल्या, देतोस का रे हत्ती, दहा दिवस फक्त." लहानपणापासूनची माणसं. त्याने दिला. आणि त्या कंपनीचे मोठे साहेब बाहेरगावहून सहकुटुंब लालबागला दर्शनाला आले, मोठ्या गणपतीची रांग हलेना म्हणून गल्लीत शिरले आणि आमच्या हत्तीसमोर येऊन उभे राहिले. कानावर नक्षी, गळ्यात झेंडूचा हार.

ते काम गेलंच. खुलासा द्यायला आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात बसलो होतो. रजिस्टर टेबलावर. मी तोंड उघडणार तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "यादी बरोबर आहे. तोडायलाच काढला होता. मी मधेच दिला, चूक माझी." खाली आल्यावर मी त्याला म्हटलं, खोटं कशाला बोललास? तो म्हणाला, "माझं एक काम गेलं तर दुसरं करीन गं. तुझ्या यादीवरचा भरवसा गेला तर आपल्या दोघांकडे उरतं काय?" त्यानंतर मी कुठलंही काम व्हायच्या आधी झालं म्हणून लिहिलेलं नाही. एकदाही नाही.

मिलिंदचं शेवटचं काम फणसाचं होतं. पर्सचंच दुकान, मध्यवर्ती कल्पना "उन्हाळा". मिलिंदने तीन फुटी फणस करायचा ठरवला, मधून कापलेला, आणि गऱ्यांच्या मधोमध पर्स. दादरच्या बाजारातून नमुन्याला एक फणस आणला, तो पंधरा दिवस गाळ्यात होता, शेवटी वासाने इक्बालभाईंनीच कापायला घेतला आणि सगळ्यांनी खाल्ला. काटे म्हणजे ब्राउन पेपरच्या गुंडाळलेल्या शेंड्या, मेणात बुडवून चिकटवलेल्या. जवळजवळ पूर्ण झाल्यावर मी बघायला गेले. आम्ही मूळचे कोकणातले, फणस मला शिकवावा लागत नाही. मी म्हटलं, "मिलिंद, हा भाजीचा फणस आहे."

"म्हणजे?"

"काटे बघ किती दाट. कोवळ्याचे असे असतात. पिकला की काटे पसरतात, बोथट होतात. आत पिवळेधमक गरे आणि बाहेर कोवळी साल, असा फणस कुणी बघितलाय?"

"रस्त्यापलीकडून कोण काटे मोजणार आहे नंदाबाई?"

"मालवणी माणूस मोजणार."

तो इक्बालभाईंकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? खिडकीत आता मालवण्यांची सोय करायची." पण दोन दिवसांनी गेले तर सगळे काटे उपटलेले होते आणि तो नव्याने, अंतर राखून, एकेक लावत होता. त्या वेळीच त्याने सहज सांगितलं की खिडकी उतरवायच्या आठवड्यात त्याची अँजिओग्राफी आहे. मी यादीत नोंद केली : उतरवताना मिलिंद नाही. तो म्हणाला, "लिहून ठेवीन मी सगळं, इक्बालभाई करतील." फणस खिडकीत बसला. आणि बसून चार आठवडे झाले असताना तो फोन आला, मी हिंदमाताला असताना.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी प्रज्ञावहिनींनी, त्याच्या बायकोने, मला थांबवून घेतलं. त्या पालिकेच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असतात, कमी बोलतात. चहा दिला आणि समोर बसल्या. "नंदाताई, ह्यांच्या हातचं या घरात काय आहे सांगू? बाथरूमच्या दाराची कडी. आणि तो स्टूल, तोही डुगडुगतो." मी हसले, त्याही हसल्या, मग म्हणाल्या, "मला एक काहीतरी हवंय त्यांच्या हातचं. नीट केलेलं. तुमच्याकडे आहे का?"

मला माहीत होतं, नाही. फक्त फणस होता, खिडकीत. मी म्हटलं, "वहिनी, तो तीन फुटी आहे."

"कपाटावर मावेल. मोजलंय मी."

मी म्हटलं, करारात बसत नाही, पण विचारते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याची एकच खिडकी पाहिली होती. लग्नानंतर लवकरच तो हौसेने घेऊन गेला, फुटपाथवर पलीकडे उभं केलं आणि म्हणाला, पर्स बघ. "मी पर्स बघत राहिले. मला काय माहीत? दहा मिनिटं पर्सच बघितली. विचारलं कशी होती, मी सांगितलं, चेन चांगली आहे. केवढे खूश झाले. ह्यांनी काय बनवलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही..."

त्या दिवशी घरी येऊन मी यादी केली. एक : कंपनीला पत्र. ते पाठवलं. उत्तर आलं, अतिशय सभ्य : दुःखात सहभागी आहोत, परंतु रचना आमच्या मालकीची असून ती नष्ट होणं आवश्यक आहे. दोन : वरच्या माणसाला पत्र. तेच उत्तर, थोडं जास्त सभ्य. इक्बालभाई म्हणाले, "मॅडम, दूसरा फणस बनाता हूँ, कच्चा-पक्का. उसको तोड के फोटो भेजो. कौन गिनता है?" अर्धा दिवस मी खरंच विचार केला. कुणाला कळलं नसतं. पण मग मला पुन्हा त्या रकान्यात न झालेलं काम झालं म्हणून लिहावं लागलं असतं, आणि या वेळी माझ्यासाठी खोटं बोलायला तो नव्हता. इक्बालभाईंना म्हटलं, नको. तीन : दुकानात स्वतः जाणे.

तिथली मॅनेजर तिशीतली. तिचं नाव लिहीत नाही, का ते कळेल. आधी सगळं इंग्रजीत झालं. नियम, हेड ऑफिस, गाइडलाइन. मी फणस मागतच नव्हते, तो प्रश्न संपला होता. मी विचारलं, "बुधवारी सकाळी खिडकीची साफसफाई असते ना? माझ्या वेळापत्रकात आहे. तेव्हा पर्स बाहेर काढता?"

"काढावी लागते, मॅम. ग्लव्हज घालून. का?"

"किती वेळ बाहेर असते?"

"दहा मिनिटं."

"या बुधवारी वीस करा." आणि का ते सांगितलं. सुरुवात घुबडापासून नाही, वहिनींनी बघितलेल्या पर्सच्या त्या चेनपासून केली. ती ऐकत होती. मग एकदम मराठीत म्हणाली, "मी माटुंग्याची आहे हो. माझी आजी फणस घरी आला की मोजून वाटे करायची." आणि लगेच पुढे म्हणाली, "मी बुधवारी हळू पुसते. मला कोणी घाई करू नका, एवढंच."

बुधवारी नऊला वहिनी आणि मी पलीकडच्या फुटपाथवर उभ्या होतो. मॅनेजर आत आली, पांढरे हातमोजे, पर्स उचलली आणि गेली. मधली जागा रिकामी झाली. मी गाळ्यात तो फणस शंभरदा पाहिला होता, पण असा नाही. वरून दिवा होता आणि पर्सने झाकलेल्या जागेतही गरे होते, एकेक वेगळा, आतल्या आठळीचा फुगवटा दिसेल असा. वहिनी फुटपाथच्या अगदी कडेला सरकल्या. मग म्हणाल्या, "मागेपण केलेत. तिथे कशाला? तिथे तर पर्स होती ना?"

"मीही त्याला हेच विचारलं होतं."

"मग?"

"म्हणाला, मग पर्स कशावर बसवू, थापेवर?"

त्या अशा हसल्या की शेजारून जाणारा माणूस वळून बघायला लागला. मग रस्ता ओलांडून थेट काचेपाशी गेल्या आणि तळहात टेकवला. सिक्युरिटीवाला पुढे झाला, आतून मॅनेजरने मान हलवली, तो मागे झाला. काच पुसायचं कापड ती त्याच जागेवर फिरवत होती. वीस मिनिटं पूर्ण झाली आणि पर्स परत आली. वहिनी माझ्याकडे वळल्या. "हा तोडायचाच ना?"

"तोडायचाच, वहिनी."

"मग मी तोडते."

मी कारणं सांगितली : धूळ, मेण, अवघड काम. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"

खिडकी उतरली, फणस गाळ्यात टेबलावर आला. इक्बालभाई स्क्रूड्रायव्हर घेऊन बाजूला उभे, मी फोटोला. मागचं झाकण काढलं तर आतल्या प्लायवूडच्या प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. लिहून ठेवीन म्हणाला होता, मला वाटलं होतं एखादा कागद असेल. वहिनी चष्मा लावून वाचायला लागल्या. "एक. इथून सुरू. आधी डावा स्क्रू." त्यांनी तो काढला. "दोन. गरे ओढायचे नाहीत, फिरवायचे." फिरवले, सुटले. "पाच. आता दुसऱ्या कुणालातरी धरायला सांग, एकट्याने करू नकोस." मी फोन खाली ठेवला आणि धरलं. "सात. पाणी पी." इक्बालभाईंनी खरंच पाणी आणलं. त्या प्यायल्या. दोन तास लागले. एकही गरा फाटला नाही, सालीचे तुकडे सरळ निघाले, आणि शेवटच्या, बाराव्या पट्टीवर लिहिलं होतं, "झालं. हात धू, मेण डोळ्यात जातं." वहिनी तिथेच खुर्चीवर बसल्या. डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "बघा, मेण गेलंच."

तुकड्यांचे फोटो गेले. मी रजिस्टर भरलं. करार बाहेरच्या रूपाचा असतो, आतला सांगाडा नेहमीच आमचा. धुऊन-घासून तो पुढच्या कामाला लागतो. इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण उघड्या प्लायला कोण वस्तू म्हणतं? मी बारा पट्ट्या सुतळीने बांधून वहिनींपुढे ठेवल्या. त्यांनी गाठ सोडली, एकेक वाचली आणि सातवी काढून पिशवीत घातली. बाकीच्या माझ्याकडे सरकवल्या. "ह्या कामाला लावा. घासू मात्र नका."

घासल्या नाहीत. सातवी त्यांच्या स्वयंपाकघरात माठाच्या वर लावलेली आहे. उरलेल्या अकरा सध्या एका खिडकीत आहेत, दुसऱ्या कशाच्या तरी आत, वजन पेलत. खिडकी दक्षिण मुंबईतली आहे, लोक समोरून जातात, थांबतात, काचेतली वस्तू बघतात. कुठली खिडकी, ते करारामुळे सांगता येत नाही.